शिळेवरचे नाव आणि घरातली आठवण

(सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्याधर नगर, जयपूर येथे झालेले भाषण)



आज आपण ज्या वसाहतीत जमलो आहोत, तिला विद्याधर भट्टाचार्यांचे नाव आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसविलेल्या जयपूरच्या रचनेत या बंगाली विद्वानाचा मोठा वाटा होता. जयसिंहांची संगमरवरी छत्री नाहरगडाच्या पायथ्याशी गैटोर येथे आहे. विद्याधरांचे नाव मात्र आपण रोज आपल्या पत्त्यात लिहितो.

याच राजस्थानात, साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यातील जयाप्पांचा १७५५ साली नागौर येथे घात झाला. त्यांची छत्री तेथेच ताऊसरला आहे. थोरले बाजीराव १७४० साली नर्मदाकाठी रावेरखेडीस निवर्तले, समाधीही तेथेच. घरापासून दूर देह ठेवणाऱ्या मराठी माणसांची परंपरा अशी जुनी आहे. परंतु छत्र्या सरदारांच्या वाट्यास आल्या. त्यांच्यासवे आलेल्या कारकुनांची, शिपायांची, आचाऱ्यांची नावे कोणत्या शिळेवर शोधावीत?

जेथे दफनाची रीत आहे, तेथे निदान एक दगड उरतो. कोकणातील बेने इस्राएल बांधवांच्या थडग्यांवर हिब्रूच्या जोडीने मराठी मजकूर आढळतो. धर्माची भाषा निराळी, घरची निराळी. माणसाला निरोप देताना त्यांना दोन्ही हव्याशा वाटल्या. दहन करणाऱ्या घरांत अस्थी नदीस जातात आणि नाव श्राद्धात उरते. तेथेही पिता, पितामह, प्रपितामह अशा तीनच पिढ्यांचा उच्चार होतो. त्यामागची नावे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. पण माणूस कसा होता, हे वही सांगत नाही.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. ती समाधी नव्हे. तरीही सेवेत तत्पर असलेला हा माणूस, एवढेच सांगणारे ते मोजके शब्द आम्हांस मृत्युलेखाचा आदर्श वाटतात. आमच्या घरांतील तसबिरींना हार असतो, खाली तारीख असते. आणि वर्तमानपत्रातील श्रद्धांजलीत ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ ही विशेषणे सर्वांना सारखीच. त्यांतून आपली आजी कोणती, हे नातवंडांनी कसे ओळखावे?

येथे वाढलेल्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी येते. म्हणजे वाचणारे आहेत. अडले आहे ते लिहिणाऱ्यांवाचून. ज्या पिढीने येथे पहिले गणपती बसविले, तिची माणसे आता एकेक करून जात आहेत, आणि त्यांना ओळखणारेही थकत आहेत.

म्हणून या वर्षी प्रत्येक घराने एक काम करावे, अशी आमची विनंती आहे. जुन्या छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने पूर्ण नाव लिहावे. स्त्रियांचे माहेरचे नावही अवश्य लिहावे, कारण सर्वांत आधी तेच पुसले जाते. मूळ गाव लिहावे, जयपूरला आल्याचे वर्ष लिहावे. आणि शेवटी असे एक वाक्य लिहावे, की जे दुसऱ्या कोणासही लागू पडणार नाही: दर पगाराला गावी मनिऑर्डर करीत, पुरणपोळी करताना कोणाला बोलू देत नसत, रागीट होते, पण रुग्णालयात रात्रभर बसायला हेच जात. दोषही लिहावेत, त्यांनी माणूस अधिक ओळखीचा होतो.

दगड कोरावयास कारागीर लागतो. या कामास घरातील एक जाणते माणूस आणि एक दुपार पुरेशी आहे. मात्र ते माणूस आहे, तोवरच ती दुपार काढावी.