सव्वाचारचा सूर्यास्त

मागे खांबाला टेकून ‘ह्या बाई कधी संपवणार’ असा चेहरा करून उभ्या असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अभियंता व छायाचित्रकार’ असं छापलंय. सकाळी मला घ्यायला आलेल्या तुमच्या प्रतिनिधीनं गाडीतच विचारलं, ‘मॅडम, दोन्हीला वेळ कसा काढता?’ इंटर्नल, जर्नल, सबमिशन आणि त्यात गॅदरिंगची प्रॅक्टिस, अशा कात्रीत सापडलेल्या मुलाचा तो प्रश्न होता. त्याचं उत्तर मला मॉन्ट्रियलला मिळालं. मी तिथे मॅकगिल विद्यापीठात मास्टर्स करत होते.

तिथे डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. आपल्याला घरातून लागलेली सवय कोणती? आधी अभ्यास संपव, मग काय करायचं ते कर. तिथे अभ्यास संपवून बाहेर पडावं तर मिट्ट काळोख. लेक्चरं, असाइनमेंट, लॅबचे रिपोर्ट, वर पहिल्या वर्षाच्या मुलांची ट्युटोरियल्स घ्यायची. उरलेला वेळ मिळायचा तो रात्री नऊला. तेव्हा वसतिगृहाच्या खिडकीतून बर्फ बघता येतो, पण फोटो काढण्याजोगा उजेड नसतो. म्हणून फिरणं दुपारीच बसवावं लागलं. बुधवारी लेक्चर संपल्यापासून लॅब सुरू होईपर्यंतचा वेळ मी वेळापत्रकात लिहूनच टाकला, विषयाचं नाव लिहितात तसा. काम आलं तर तो तास गुरुवारी सरकायचा, पण खोडला जायचा नाही. आणि तीनला लॅब म्हणजे तीनला लॅब. वर कितीही सुंदर प्रकाश पडलेला असो, खाली उतरायचंच.

वर म्हणजे माँ-रोयाल. उंची २३३ मीटर. आगाशिव चढणाऱ्या तुम्हा कराडकरांना त्याला डोंगर म्हणताना हसू येईल, पण ते शहर त्याला मोठ्या मायेनं ‘डोंगर’च म्हणतं आणि त्याच्यापेक्षा उंच इमारत बांधू देत नाही. त्यावरचं उद्यान १८७६ साली खुलं झालं. ते आखलं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्यांपैकी तेच एक. विद्यापीठ अगदी पायथ्याशी. पील स्ट्रीटनं सरळ वर जायचं, रस्ता संपला की झाडी सुरू. खाली चौकाचौकांत मीठ टाकून काळपट झालेला चिखल, त्यात बूट फचफचतात. वर गेलं की तोच बूट कर्रकर्र वाजू लागतो. थंडी उणे दहाच्या खाली असली की बर्फ असा वाजतो. शून्याच्या आसपास असली की नुसता दबतो. थोड्या दिवसांनी थर्मामीटर न बघता पायांनाच कळायला लागतं.

आता कॅमेऱ्याचं. इथे फोटोग्राफी क्लबची मुलं बसलीत, त्यांच्यासाठी जरा खोलात जाते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतो. समोर बर्फच बर्फ असला की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो काळवंडवतो. पांढराशुभ्र बर्फ ओल्या सिमेंटसारखा दिसतो. तेव्हा एक्स्पोजर आपण होऊन एक ते दोन स्टॉप वाढवायचं. आषाढात दिंडीचे फोटो काढाल, पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांनी फ्रेम भरेल, तेव्हा हाच उपाय. आणि नीट पाहा, उन्हातल्या बर्फावर सावली काळी पडत नाही, निळी पडते, कारण तिथे ऊन पोचत नाही, नुसतं निळं आकाश पोचतं.

थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून दुसरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. परतताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि मग खोलीत यायचं. नाहीतर उबदार हवेतली वाफ लेन्सवर जमते. कॅमेरा गरम होईपर्यंत पिशवी उघडता येत नाही. तोवर फोटो बघणं नाही, मुकाट्यानं लॅब रिपोर्ट! अभ्यासाच्या दृष्टीनं याहून चांगला नियम मला कुठल्याही वसतिगृहात आढळला नाही.

विद्यापीठासमोरच मॅकॉर्ड स्टुअर्ट संग्रहालय आहे. तिथे विल्यम नॉटमन या एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकाराचा प्रचंड संग्रह आहे. हा गडी हिवाळ्याची दृश्यं चक्क स्टुडिओत उभी करायचा. जमिनीवर बर्फ म्हणून मीठ, आणि बर्फ पडतोय असं दाखवायला काचेच्या निगेटिव्हवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. हे बघून आले की बाहेरच्या फुकट बर्फाची किंमत कळायची.

पण माझा खरा लाडका माणूस दुसराच. सीमेपलीकडे अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये जेरिको नावाचं गाव आहे. तिथला शेतकऱ्याचा मुलगा विल्सन बेंटली. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्यानं १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा आपला पहिला फोटो घेतला. वय एकोणीस, म्हणजे तुमच्या एस.वाय.तलं. पुढे पाच हजारांहून जास्त कण टिपले. गरम खोलीत कण वितळणार, म्हणून थंडगार शेडमध्ये, श्वास लागू नये म्हणून दम रोखून. आणि जन्मभर शेती केली, गाईगुरं सांभाळली. त्याचा फोटोसंग्रह छापून आला १९३१ साली. त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. बर्फ पडायला लागला की मिळेल तितका वेळ त्याचा, बाकीचा शेतीचा. तो लांबलचक सुटीची वाट बघत बसला असता तर हिमकण वितळून गेले असते.

आणि ‘मला सगळं जमतं’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. परीक्षेच्या आठवड्यात मी कॅमेरा कपाटात ठेवायचे. फिरणं मात्र सोडायचे नाही, कारण डोकं त्यावरच चालायचं. तुमच्याकडे बर्फ नाही, पण हिवाळ्यात सकाळी प्रीतिसंगमाच्या घाटावर धुकं असतं आणि पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या आत ते विरतं. तेव्हा आठवड्यातल्या एका सकाळीपुढे ‘घाट’ एवढं लिहून ठेवा. लेक्चर मात्र बुडवू नका. नाहीतर प्राचार्य मला पुन्हा बोलावणार नाहीत.

विंगेत नटूनथटून मुलं ताटकळलीत, त्यांचा मेकअप उतरायच्या आत मी थांबते. क्लबवाल्यांनो, मागचा पडदा काळा आहे. इथे मीटर उलटा फसेल आणि नाचणाऱ्यांचे चेहरे पांढरेफटक येतील. एक्स्पोजर एक स्टॉप उतरवून घ्या.