पालकांचा दिवस आणि शाळेची हजेरी

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत मी गणित अथवा भाषा यांविषयी काही सांगावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु मी ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो तो पाठ्यपुस्तकात नाही. तो आपल्या विद्यार्थ्यांच्या घरात आहे. घरात मूल जन्मास आले म्हणजे आईबापांचा दिवस कसा बदलतो, त्यांचा मोकळा वेळ कोठे जातो आणि आपल्या हजेरीपटाशी त्याचा काय संबंध पोचतो, एवढाच तो विषय आहे.

तान्हे मूल कोणत्याही घड्याळास जुमानत नाही. पाणी, चूल, गोठा, खुरपणी ही कामे पूर्वी होती तेवढीच राहतात. त्यांत पाजणे, न्हाऊमाखू घालणे, निजविणे, दुखलेखुपले पाहणे यांची भर पडते. दिवस मात्र चोवीस तासांचाच. तेव्हा हा वेळ कोणाच्या तरी वाट्यातून काढावाच लागतो, आणि प्रथम तो आईच्या झोपेतून जातो. केंद्र शासनाने 2019 साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामी रोज सरासरी 299 मिनिटे जातात असे आढळले, पुरुषांची 97. घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची 134 मिनिटे, पुरुषांची 76. आणि पुरुषांचे हे आकडे अशा कामांस हात लावणाऱ्यांचेच आहेत. हात न लावणारे त्यांत धरलेले नाहीत, आणि तेच संख्येने अधिक आहेत. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणजे थंडीत पिकाला दारे धरणारा बाप कष्ट करीत नाही, असे माझे म्हणणे नाही. परंतु पारावरच्या बैठकीचा आणि हल्ली मोबाईलचा वेळ मूल झाल्याने कमी झाला, असे मला फारसे दिसलेले नाही.

पूर्वीच्या आईला तरी मोकळा वेळ होता, असे कोणी समजू नये. पहाटे जाते ओढता ओढताच ती लेकरावर ओव्या रचीत असे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नाने संग्रहित झालेल्या अशा ओव्यांची संख्या लाखावर आहे. पुढे गिरणी आली, जाते थांबले. वाचलेला वेळ मात्र तिच्या हाती उरला नाही.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे वळू. जिल्ह्याच्या उत्तर भागात पाटपाणी आले, ऊस आला, आणि 1950 साली प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. ऊस तोडणारे हात मात्र पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा कोरडवाहू तालुक्यांतून येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल घेतलेली असते. पहाटे अंधारात फडावर जावयाचे, ऊस तोडून मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची. ट्रक रात्री केव्हा येईल याचा नेम नाही. या दिनक्रमात तान्ह्या मुलाने कोठे असावे? फडाच्या बांधावर झोळी टांगलेली असते, आणि झोळीपाशी आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण बसलेली असते. आईने एक दिवस काम बुडविले तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे अंगावर चढतात. तो खाडा टळावा म्हणून दुसरा खाडा पडतो, आणि तो आपल्या हजेरीपटावर पडतो.

गावी राहिलेल्या घरांतही हे थोड्याफार फरकाने चालतेच. आई शेतावर जाते आणि थोरली घरी राहते. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढची मुले बसतात. त्याहून लहान मुलाला तेथे दिवसभर ठेवण्याची सोय नाही. शिवाय अंगणवाडी आपल्या शाळेच्या बरीच आधी सुटते. चौथीतील मुलगी मधल्या सुट्टीनंतर का दिसत नाही, याचा उलगडा पुष्कळदा येथेच होतो. अशा घरास ‘निष्काळजी पालक’ असा शेरा देऊन आपण मोकळे होतो, हे मला अन्यायाचे वाटते. आपल्या शिक्षिका भगिनींना प्रसूतिरजा मिळते. 2018 साली राज्य शासनाने 180 दिवसांची बालसंगोपन रजाही दिली. ती योग्यच आहे. कोयत्यावरील बाईची बालसंगोपन रजा तिची थोरली मुलगी भोगते, आणि तिला तर तिचा पगारही नाही.

हा प्रश्न जुना आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी कोसबाडच्या आदिवासी वस्तीत काम केले, तेव्हा हीच अडचण पुढे आली. त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालविली. मुले गुरांमागे जात म्हणून शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. पालकांचा दिवस पाहून शाळेचा दिवस आखावा, ही त्यांची दृष्टी होती. 6 ते 14 वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क 1 एप्रिल 2010 पासून कायद्याने अंमलात आला आहे. पण झोळी हलविणारा हात मोकळा झाल्याखेरीज तो हक्क त्या मुलीपर्यंत पोचत नाही.

पाळणाघर बांधणे आपल्या हाती नाही. परंतु धाकटे भावंड घेऊन येणाऱ्या मुलीला दारातून परत पाठवू नये, एवढे निश्चितच आहे. वर्ग थोडा विस्कटेल, विस्कटू द्यावा. पालकसभा दुपारी अकरास घेऊन ‘पालक येत नाहीत’ असे अहवालात लिहिणे व्यर्थ होय. दुधाच्या गावी सकाळचे दूध केंद्रावर घालून झाल्यावर आणि संध्याकाळच्या धारेपूर्वी थोडा अवकाश असतो; मजुरांच्या वस्तीवर तो रात्रीच्या जेवणानंतरच मिळतो. आणि सभेस बापही यावा. मूल सांभाळावयास थोरलीच का, थोरला का नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे कोणीतरी ठेवलाच पाहिजे. गुरुजींनी ठेवला तर तो निदान ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे.

टोळ्या निघण्यापूर्वी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी प्रत्येक शाळेने करावी. कोणते मूल आजीआजोबांपाशी राहील, कोणाची सोय हंगामी वसतिगृहात होईल, आणि कोणाबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावे लागेल, हे तीत असतेच. यंदा तीत एक रकाना वाढवावा: धाकट्या भावंडाचे वय. तीन वर्षांच्या आतील भावंड असलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी प्रथम जावयाचे. मी शाळा तपासणीस येईन तेव्हा ही यादी मागेन, आणि त्यांपैकी दोन घरी आपण बरोबर जाऊ. संध्याकाळी जाऊ, म्हणजे बापही घरी भेटेल.