आठशे की सोळाशे मीटर?

आमच्या नामपूरला पहाटे कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघतात, तेव्हा रस्त्याच्या कडेने भरतीची पोरंपोरी पळत असतात. पोलीस भरतीच्या मैदानात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मग जन्माने मुलगा ठरवलेली, पण मनाने, वागण्याने मुलगीच असलेली एखादी आली, तर तिने फक्कीच्या कुठल्या रेघेवर उभं राहायचं?

२०२२ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने होते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, म्हणजे मॅटने, तिसरा ठेवायला सांगितलं, सरकार त्याविरुद्ध वर गेलं. डिसेंबरात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठापुढे सरकारने तो रकाना आणि २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत शारीरिक चाचणीचे नियम, दोन्ही कबूल केलं.

पण नियम करायचे तर शरीराचं काय होतं, ते आधी बघायला हवं. अमेरिकी हवाई दलात अशा ४६ पारलिंगी स्त्रियांच्या चाचण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हार्मोनचे उपचार सुरू होण्याआधी त्या इतर बायकांपेक्षा मिनिटाला ३१ टक्के जास्त जोर काढत. दोन वर्षांनी तो फरक उरला नाही. दीड मैलाच्या धावेत मात्र २१ टक्क्यांची आघाडी १२ वर आली, पण मिटली नाही. उपचारांनी हिमोग्लोबिन चारेक महिन्यांत उतरतं, स्नायूंची ताकद सावकाश उतरते, उंची मात्र तशीच राहते.

हे आकडे झाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं. दीड मैलाला साडेबारा मिनिटं घेणाऱ्या मुलीच्या सरासरी दीड मिनिट आधी ती उपचारांनंतरही पोहोचते. भरतीत एका गुणाने नोकरी हुकते, तिथे त्या मुलीची तक्रार खोटी नाही. जिथे पदक आणि पोट पणाला लागतं, तिथे काटेकोर नियम हवेतच.

पण इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मे २०२५ मध्ये हौशी सामन्यांतही महिला संघाचं दार अशा स्त्रियांना बंद केलं. ते मला पटत नाही. रविवारच्या सामन्यात कुणाची नोकरी जाते?

आमच्या पोरी पहाटेच्या अंधारात एकट्या पळत नाहीत. दोघी-तिघी एकमेकींच्या दारात जाऊन हाक मारतात, मगच निघतात. ती आली, तर तिच्याही दारात कुणी तरी हाक मारायला हवी.