गिधाडं आणि तीन मिलिलिटरची बाटली

रायगडच्या म्हसळा तालुक्यात, चिरगावच्या रानात उंच झाडांच्या शेंड्यांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी बांधतात. वर्षाला अंडं एकच.

पूर्वी ढोर मेलं की ही मंडळी हाडं तेवढी मागे ठेवत. १९९० नंतर मात्र देशभर गिधाडंच मरू लागली. कारण रोगजंतू नव्हे, तर ढोरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक! मांसावाटे ते पोटात गेलं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो.

२००६ मध्ये केंद्राने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, पर्याय मेलॉक्सिकॅमचा. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ पासून बाटली जास्तीत जास्त ३ मिलिलिटरची. २०२३ मध्ये गिधाडांना तशीच घातक असलेली केटोप्रोफेन आणि एसेक्लोफिनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली.