पाचांपैकी दोन

(हीरकमहोत्सवानिमित्त लखनौ येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातील वैद्यकीय सेवा आणि शल्यचिकित्सक’ असा विषय दिला आहे. लखनौत उभे राहून या विषयावर बोलायचे, तर प्रथम येथील छावणीची आठवण होते. सेनेच्या वैद्यकीय दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. त्या दलाची ६०वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स १९५० साली लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली कोरियात गेली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिली. प्योंगयांगमधून माघार घेताना वाहने मिळेनात, तेव्हा या मंडळींनी एक जुने वाफेचे इंजिन शोधून काढले आणि उपचारांचे साहित्य डब्यांत भरून स्वतःच गाडी हाकत बाहेर काढले! पण ते सैनिक होते. आज्ञा झाली, गेले. मला आज बोलायचे आहे ते ज्यांना कोणीही आज्ञा केली नव्हती त्यांच्याविषयी. त्यांतील एक आपल्या सोलापूरचे.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी उभा राहिला आणि पाच डॉक्टरांची निवड झाली. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल आपल्या याच प्रांतातले, अलाहाबादचे. स्पेनच्या यादवी युद्धातील जखमींची शुश्रूषा करून आलेले. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, पथकातील सर्वांत वडीलधारे. आणि डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असताना त्यांनी आपले नाव दिले. म्हणजे पाचांपैकी दोघे मराठी. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघालेले हे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशाला डॉक्टर पाठवावेत, या गोष्टीचे मला आजही अप्रूप वाटते.

पुढे पथक हळूहळू विखुरले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले, त्यानंतर अटल. बसू १९४३ पर्यंत राहिले. परत आलेल्यांची योग्यता कमी, असे मी मानत नाही. स्वयंसेवकाला परत येण्याचा अधिकार असतो, आणि उतारवयात घरदार सोडून युद्धभूमीकडे निघणारे चोळकर मला तितकेच आदरणीय वाटतात. पण कोटणीस राहिले. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची बातमी त्यांना कळली. तरीही ते परतले नाहीत.

कोटणिसांविषयी बोलताना सलग बहात्तर तास केलेल्या शस्त्रक्रियांची हकीकत हटकून सांगितली जाते. ती १९४० मधील लढाईच्या काळची. ऐकणारा थक्क होतो. मी स्वतः शस्त्रक्रियागृहात आयुष्य घालवलेला माणूस. मला त्या तासांहून दुसऱ्याच गोष्टीचा अचंबा वाटतो. ते चिनी भाषा शिकले. रुग्णाला चार प्रश्न विचारण्यापुरती नव्हे. विद्यार्थ्यांसमोर उभे राहून त्या भाषेत शल्यशास्त्र शिकवण्याइतकी, आणि लिहिण्याइतकी. सोलापुरातून मुंबईला गेलेला, इंग्रजीतून शरीरशास्त्र शिकलेला हा तरुण आघाडीजवळच्या डोंगराळ भागात चिनी मुलांना त्यांच्याच भाषेत जखम कशी उघडावी, कशी धुवावी, हाड कसे बसवावे हे समजावत होता.

याचे महत्त्व मला लखनौने शिकवले. मराठी शाळेतून येथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक रुग्ण म्हणाला, ‘डॉक्टर साहब, बड़ी घबराहट हो रही है.’ मराठी कानाला वाटावे, हा मनुष्य घाबरला आहे. तेव्हाच मी वॉर्डमधील एका ज्येष्ठ परिचारिकेकडून नीट विचारून घेतले. येथे घबराहट म्हणजे नुसते भय नव्हे. छातीत होणारी धडधड, कासाविशी, कोंडल्यासारखे वाटणे, हे सारे त्या एका शब्दात येते. त्यामागे हृदयविकारही असू शकतो. शब्द मराठीच्या शेजारचा, लिपीही आपलीच, आणि तरी एवढे अंतर! मग चिनी लिपीपुढे बसलेल्या कोटणिसांची कल्पना करा. आपल्या मुलांना मराठी माध्यमात घालताना पुढे वैद्यकाला इंग्रजीचे कसे होईल, अशी चिंता करणारे पालक मला नेहमी भेटतात. इंग्रजी लागतेच, ते मी नाकारत नाही. पण रुग्ण पुस्तकाच्या भाषेत कण्हत नाही, एवढे त्यांना सांगतो.

कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून याच आघाडीवर नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यातून रक्तात विषबाधा पसरली. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. तेथेच परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. कोटणिसांना अपस्माराचे झटके येत होते. वेढ्यातल्या त्या प्रदेशात औषधे दुर्मिळ होती आणि काम थांबत नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. विद्यार्थ्यांसाठी चिनी भाषेत चाललेले शल्यशास्त्राचे लेखन अपुरे राहिले.

१९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. चित्रपटाने कोटणिसांना घराघरांत नेले, हे उपकार मोठे. मात्र फळ्यापुढे उभे राहून रोज शिकवणारा मास्तर पडद्यावर शोभत नाही, म्हणून तो थोडा मागे पडला असे मला वाटते. यिनहुआही वैद्यकाचा विद्यार्थी झाला. शिक्षण चालू असतानाच १९६७ साली वारला. छिंगलान यांनी त्यानंतरही दीर्घ काळ काढला. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सोलापुरात कोटणिसांचे स्मारक खुले झाले.

डॉ. चोळकरांविषयी मात्र फारच थोडे वाचावयास मिळते. आपल्या माजी विद्यार्थ्यांत नागपूरकडची मंडळी पुष्कळ आहेत. कोणाच्या घरी जुनी पत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे वा एखादे छायाचित्र असेल, तर त्याची प्रत शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवावी. जी. एस. मध्ये शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी कोटणिसांच्या महाविद्यालयीन वर्षांचे काही हाती लागते का, तेही पाहावे. टपालाचा खर्च मी करीन.