मुलं खेळ बनवतात तेव्हा

गेल्या दोन-तीन गटांच्या बैठकीत एकच प्रश्न कानावर आला. “ताई, मे महिन्याच्या शिबिरात म्हणे मुलांना गेम शिकवतात. पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना म्हणून आम्ही रडतोय, आणि तुम्ही वर आणखी गेम शिकवणार?” प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

पहिली गोष्ट अशी की या शिबिरात मुलं गेम खेळायला येत नाहीत, बनवायला येतात. आयतं ताट पुढं आलेला माणूस आणि चुलीपुढं बसलेली बाई, दोघांना भाजीत काय पडलंय ते सारखंच कळतं का? तोच फरक इथं आहे.

मागच्या मे महिन्यात पाचवी ते नववीची वीस-बावीस मुलं होती. पाच दिवस. पहिले तीन दिवस एकही यंत्र नाही. जुन्या लग्नपत्रिका, पुठ्ठे, शर्टाची बटणं, बाटल्यांची झाकणं आणि चिंचोके. वेळ दुपारी एक ते चार, समाजमंदिरात. सकाळी मुली पाण्याला नाहीतर स्वयंपाकाला अडकलेल्या असतात. सकाळचं शिबिर म्हणजे मुलग्यांचंच शिबिर.

पहिल्या दिवशी गावातल्या तीन आज्यांना बोलावलं. त्यांनी खडूनं जमिनीवर पाच बाय पाच घरांचा पट आखला, फुल्या मारल्या आणि चल्लस-आठ मांडला. कितीतरी मुलांनी तो पाहिलाही नव्हता. दुसऱ्या कोपऱ्यात वाघबकरी. तिसरीकडं बाजारातली सापशिडी. तिन्ही खेळ झाल्यावर एकच प्रश्न विचारला: यातल्या कोणत्या खेळात तुम्ही स्वतः काही ठरवलंत?

मुलं गप्प. मग सहावीतला एक जण म्हणाला, “सापशिडीत आपण काहीच करत नाही. फासा करतो.” अगदी खरं. सापशिडीत सोंगटी एकच, वाट एकच, पडेल तेवढी घरं जायचं. वाघबकरीत उलटं आहे, तिथं नशीब औषधालाही नाही, सगळं डोक्यावर. आणि चल्लस मधला: दान नशिबाचं, पण कोणती सोंगटी पुढं काढायची ते तुमच्या हातात. हे कळलं की खेळ बनवण्याची निम्मी विद्या हाती आली. मग मुलांना सांगितलं, सापशिडीचा फक्त एक नियम बदला. एका गटानं दोन फासे घेतले आणि ठरवलं, दोन्ही टाकायचे पण चालायचं एकाच फाशावर, कोणता ते खेळणाऱ्यानं निवडायचं. एवढ्यानं खेळ बदलला. साप चुकवता येऊ लागला, पोरं पटावर ओणवी होऊन मोजायला लागली.

सापशिडी मुळात आपलीच, हेही त्यांना सांगितलं. आपल्याकडं मोक्षपट होता; शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. इंग्रजांनी तो विलायतेला नेला आणि तिथून रंगीत पुठ्ठ्यावर छापून तो परत आला. फाशावर आपला काही इलाज नाही ही गोष्ट तिथं चुकून राहिलेली नव्हती, कर्म आणि दैव यांच्याबद्दलच तो पट बोलत होता. खेळाचा प्रत्येक नियम काहीतरी सांगत असतो.

दुसरा दिवस चिंचोक्यांचा. चार अर्धे चिंचोके टाकले की जितके पांढरे वर तितकं दान, आणि चारही उपडे पडले तर आठ. चार आणि आठला पुन्हा दान मिळतं. का बरं? मुलांना शंभरदा टाकायला लावलं आणि वहीत रेघा मारायला सांगितल्या. दोनच्या रेघांचा ढीग झाला, चार आणि आठ मोजके. मग गणित मांडलं. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर चार चिंचोके १६ तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या ६ तऱ्हांनी दोन येतं, ४ तऱ्हांनी एक, ४ तऱ्हांनी तीन, आणि चार किंवा आठ मात्र प्रत्येकी एकाच तऱ्हेनं. ज्या कोण्या आजीच्या पणजीनं हा खेळ रचला, तिला हे आकडे मांडता येत नसतील, पण क्वचित पडणाऱ्या दानालाच बक्षीस ठेवायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं. गणितात कच्ची म्हणून नाव पडलेली एक मुलगी त्या दिवशी फळ्यापाशी उभी राहून सगळ्यांना हे समजावत होती.

आता मोबाइलचं. चौथ्या आणि पाचव्या दिवशी मुलं शाळेच्या संगणकावर बसली, एका यंत्रावर पाच-सहा जण. तिथं स्क्रॅच नावाची एक मोफत सोय वापरली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ती तयार झाली आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. तीत इंग्रजी आज्ञा टाइप करायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. वाघ बकरीला शिवला तर एक गुण कमी, असं ठोकळ्यांनी सांगायचं. एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालते. वीज मात्र लागते. ती पाचव्या दिवशी दोन तास गेली, तेव्हा पोरं परत चिंचोक्यांकडं वळली.

तिथं एक गंमत झाली. एका मुलानं आपल्या खेळात तीन जीव ठेवले आणि ते संपले की दहा मिनिटं थांबायचं असा नियम केला. दुसरा म्हणाला, “हे तू का केलंस?” तर म्हणतो, “म्हणजे तू सारखा येऊन बघशील, दहा मिनिटं झाली का ते.” दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मोबाइलवरचा गेम आपल्याला पुन्हा पुन्हा का ओढतो, ते मी तासभर बोलून सांगितलं असतं तर त्यांनी जांभया दिल्या असत्या. त्यांनी ते स्वतः करून पाहिलं. यानं त्यांचा मोबाइल सुटला असं मी म्हणणार नाही. पण मोबाइल हातात असताना आता ती विचारतात, “हे इथं का ठेवलंय?”

पैसे लावून खेळायच्या गेमबद्दलही बोलणं झालं, कारण कितीतरी घरांना त्याची झळ लागली आहे. हिशेब सोपा आहे. समजा चौघांनी दहा-दहा रुपये लावले, झाले चाळीस. खेळ चालवणाऱ्यानं त्यातले चार काढून घेतले आणि छत्तीस जिंकणाऱ्याला दिले. असे दहा डाव झाले की कोणीही जिंको, चौघांच्या खिशातून मिळून चाळीस रुपये गेलेले असतात. मुलांनी हे बटणांनी खेळून पाहिलं, आणि चालवणाऱ्याच्या वाटीत बटणं साठत गेलेली सगळ्यांनी पाहिली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. बायांनो, घरात कोणी “हा चालतो, हा वेगळा आहे” म्हणून सांगत असेल तर हे ध्यानात ठेवा.

तिसऱ्या दिवसाबद्दल मुद्दाम नंतर सांगते आहे. त्या दिवशी मुलांनी आपापले पट बनवले. नियम एकच: दुसरे तुमचा खेळ खेळत असताना तुम्ही गप्प बसायचं. समजावायचं नाही. ते अडले तर कुठं अडले ते लिहून घ्यायचं. हे फार कठीण जातं, मोठ्यांनाही.

आठवीतल्या एका मुलीनं पाण्याचा खेळ केला. हापसा, विहीर, टँकर, शाळा अशी घरं. आधी शाळेत पोचेल तो जिंकला. पण सोंगट्या दोन प्रकारच्या होत्या. लाल सोंगटीनं दर तिसऱ्या डावाला घरी परत यायचं, हंडा ठेवायचा, मगच पुढं. निळीला तसं बंधन नाही. मुलगे खेळायला बसले, कोणाला लाल कोणाला निळी. लालवाले चिडले. “हा खेळ बरोबर नाही, आम्ही कधीच पोचणार नाही.” ती नियमाप्रमाणं गप्प. वहीत लिहून घेतलं: लाल चिडले.

संध्याकाळी तिची आई आली, तिनंही एक डाव टाकला. म्हणाली, “टँकरचं घर चुकलंय गं. टँकर आला की एकटी नाही जात, सगळ्याच पळतात.” मुलीनं लगेच नियम बदलला: टँकरचं दान पडलं की सगळ्या लाल सोंगट्या एकदम टँकरवर. खेळ आणखी अवघड झाला, आणि आणखी खरा. घरी तिसऱ्या डावाचं काम कोण करतं, यावर त्या रात्री त्यांच्या ओट्यावर बोलणं झालं म्हणे. काय ठरलं ते मला माहीत नाही, पण पुढचे दोन दिवस तिचा भाऊ हंडा घेऊन जाताना दिसला.

मला त्या वेळी अमेरिकेतली लिझी मॅगी आठवली. लघुलेखनाचं काम करणारी ही बाई. जमिनीचे मालक भाड्यावर कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे कंगाल होतात, ते लोकांना दिसावं म्हणून तिनं एक पट रचला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तीस वर्षांनी तशाच खेळाचे हक्क एका पुरुषानं स्वतःचे म्हणून एका कंपनीला विकले आणि तो मोनोपोली या नावानं जगभर गेला. आपल्याकडं मिळणारा ‘व्यापार’ त्याच वळणाचा. मॅगीला तिच्या पेटंटचे ५०० डॉलर मिळाले, तेवढेच. तिचं नाव पुढं १९७० च्या दशकात एका कोर्टखटल्यात पुन्हा वर आलं, तेव्हा ती हयात नव्हती. म्हणून आमच्या शिबिरात प्रत्येक पटाच्या मागं बनवणाऱ्याचं नाव, इयत्ता आणि तारीख लिहायचीच, असा नियम आहे.

कोणत्या गटाला हे करायचं असेल तर खर्च फारसा नाही. पुठ्ठा, स्केचपेन, कात्री, पाच दिवसांचे चुरमुरे-शेंगदाणे. संगणक नसेल तर तेवढे दोन दिवस सोडा, पहिले तीन पुरेसे आहेत. खेळ शिकवायला आपल्याच गटातल्या म्हाताऱ्या घ्या, आणि मुलींची वेळ आधी विचारा, मग वेळापत्रक करा. चिंचोके मात्र मे महिन्यात शोधत बसू नका. सध्या चिंचा फोडायचं काम चालू आहे, तेव्हाच शेर-दीड शेर बाजूला काढून डब्यात भरून ठेवा.