साठ दिवसांत कोण सावरतं?



वर्षअखेर आली की आपल्या घरांत देणग्यांचा हिशेब सुरू होतो. कंपनीचं मॅचिंग कुठे लावायचं, टॅक्समध्ये वजावट किती मिळेल. आणि कुठली संस्था चांगली, हे ठरवायची मापं आपण सरळ ऑफिसातून उचलून आणतो. ओव्हरहेड किती टक्के? एका डॉलरमागे किती लोकांना मदत झाली? मी आयटी कन्सल्टंट, वर एमबीए. ही मापं मलाही तोंडपाठ आहेत. पण मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईसाठी जी संस्था चालते, तिथे ती लावली की काय होतं, ते आज बघू.

न्यू जर्सीतली ‘मानवी’ तुमच्यापैकी अनेकांना नावाने तरी ठाऊक असेल. १९८५ साली सहा दक्षिण आशियाई बायकांनी ती सुरू केली. आपल्या समाजातल्या कौटुंबिक हिंसाचारावर काम करणारी अमेरिकेतली ही पहिली संस्था. पुढे न्यूयॉर्कला ‘सखी’, शिकागोला ‘अपना घर’, बर्कलीला ‘नारिका’ उभ्या राहिल्या. नेहमीची शेल्टर्स तेव्हाही होती, पण तिथला मुक्काम साधारण महिना-दोन महिन्यांचा. आता विचार करा. बाईच्या नावावर बँकेत खातं नाही, गाडी चालवता येत नाही, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, माहेर आठ हजार मैलांवर आणि तिथून फोनवर एकच उत्तर, ‘जरा सांभाळून घे’. तिला साठ दिवसांत पायावर उभी राहा म्हणायचं? मानवीने १९९७ साली ‘आशियाना’ नावाचं स्वतःचं घर काढलं, जास्त काळ राहता येईल असं.

आता हाच निर्णय एक्सेलमध्ये मांडून बघा. एका खाटेवर वर्षात सहा बायकांऐवजी एक किंवा दोन. दरडोई खर्च तिप्पट ते सहापट. आपल्यासारखा कोणी बोर्डावर असता तर पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला असता, ‘धिस डझ नॉट स्केल’. आकडा खरा असता आणि निर्णय चुकीचा झाला असता.

इकडे यासाठी ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ असा शब्द आहे. आपण आघाताचं भान म्हणू. साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ साली त्याची तत्त्वं लिहून काढली. सुरक्षितता, विश्वास आणि पारदर्शकता, सारख्याच अनुभवातून गेलेल्यांची साथ, बरोबरीने काम, निवडीचा हक्क, आणि संस्कृती-इतिहास-लिंगभाव यांची जाण. पोस्टरवर छान दिसतात. कस लागतो तो कारभारात.

साधा इंटेक फॉर्म घ्या. फोन उचलणारी विचारते काय झालं, मग समुपदेशक विचारते, मग वकील. एकच जखम बाईने तीनदा उघडायची. का, तर तीन सिस्टीम एकमेकींशी बोलत नाहीत. आपल्यातला कोणीही सांगेल, मग एक सामायिक डेटाबेस करा! पण इथे कायदा आडवा येतो, आणि बरोबर येतो. बेघरांसाठीच्या सेवांची जी सामायिक माहिती-प्रणाली आहे, तिच्यात अशा संस्थांनी बाईची ओळख पटेल अशी माहिती भरायची नाही, हे २००५ च्या व्हॉवा कायद्याने पक्कं केलं. स्वतंत्र डेटाबेस ठेवायचा आणि बाहेर फक्त बेरजा द्यायच्या. कारण शोधणारा नवराही कॉम्प्युटर जाणतो. फॅमिली प्लॅनचं बिल आणि फोनचं लोकेशन त्याच्याच हातात असतं. मग उपाय काय? बाईच्या परवानगीने, संस्थेच्या आतच एक नोंद, आणि कोण काय वाचू शकतं हे तिला आधी सांगणं. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. कोणीतरी आधी तिला विचारायला हवं, एवढंच.

मानसोपचारतज्ज्ञ सँड्रा ब्लूम यांनी फिलाडेल्फियाच्या परिसरात काम करताना ‘सँक्च्युअरी मॉडेल’ घडवलं. त्यांचं म्हणणं मला फार पटतं: आघात झालेल्यांसोबत राहून संस्थाही तशीच वागू लागते. मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही, कुजबुज वाढते, वरून अचानक हुकूम येतात. अशा संस्थांत काम करणाऱ्या कितीतरी जणी स्वतः त्याच वाटेने आलेल्या असतात. त्यांच्यासमोर आपण कंपनीच्या थाटात ‘सोमवारपासून नवी पद्धत’ जाहीर करतो. अचानक बदल म्हणजे धोका, हे ज्यांचं शरीर शिकलंय त्यांना तो ईमेल कसा वाटेल? नेतृत्व म्हणजे वेग, ही आपल्या क्षेत्राची सवय आहे. इथे मात्र जो नेता काय बदलणार, कधी, आणि काय अजिबात बदलणार नाही हे आधी सांगतो आणि सांगितलेलं पाळतो, तोच खरा उपयोगी.

आता आपल्या मंडळांकडे येतो. मंडळं म्हणजेही नॉनप्रॉफिट, फक्त गणपती आणि नाटकांची. पण अडचणीतली बाई हॉटलाइनच्या आधी कमिटीतल्या एखाद्या मावशींना फोन करते. आणि आपला पहिला हात जातो मध्यस्थीकडे! ‘मी बोलतो त्याच्याशी, चांगला मुलगा आहे.’ हे करू नका. घर सोडायच्या आसपासचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, आणि त्याला फोन करून आपण तिचा बेत त्याच्या कानावर घालतो. तिचं ऐका. तिला काय हवंय ते विचारा. राष्ट्रीय हॉटलाइनचा नंबर जवळ ठेवा, १-८००-७९९-७२३३. चोवीस तास चालू असते, दुभाषाही मिळतो. तिच्या फोनवर मेसेज पाठवण्याआधी तो फोन आणखी कोण बघतं, हे विचारा. कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर एक अक्षरही नको.

आणि ज्यांना चेक लिहायचाय, त्यांनी ओव्हरहेडचा प्रश्न जरूर विचारावा, फक्त उलट्या दिशेने. कार्यकर्त्यांना पगारी रजा आहे का? त्यांच्या मनावरचा भार हलका करायला कोणी आहे का? गेल्या दोन वर्षांत किती जणी सोडून गेल्या? यासाठी बजेटमध्ये ओळच नसेल, तर देणगीसोबत एक चिठ्ठी जोडा: ही रक्कम त्या ओळीसाठी.